शाबीत न झालेले सत्य

चिंचवडगावातील चापेकर चौक आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आमची कुटुंबे रविवारी मिस्साला जाताना किंवा बाजारहाट करून परतताना या चौकातून कितीतरी वेळा गेली असतील. ज्या भावांचे नाव या चौकाला आहे, त्या दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव चापेकरांना इंग्रज सरकारच्या न्यायालयाने खुनी ठरवून फाशी दिले. त्याच तिघांना चिंचवडकर हुतात्मे म्हणतात. न्यायालयाच्या दप्तरातील शब्द खरा की चौकातील शब्द खरा, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले तर आपण त्याला काय उत्तर देणार?

अलीकडे या प्रश्नाला एक सोपे उत्तर मिळू लागले आहे : ज्याचे सत्य त्याच्यापाशी. इंग्रजांचे सत्य निराळे, आपले निराळे. त्यांच्या पलीकडे असे कोणतेही सत्य नाही. महाविद्यालयात जाणारी आमची मुले हे उत्तर घरी घेऊन येतात, तेव्हा त्यामागे केवळ तारुण्याचा हट्ट नसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, जो विचारप्रवाह उदयास आला आणि ज्याला आपल्याकडे उत्तरआधुनिकतावाद असे नाव पडले, त्याचे पडसाद या उत्तरात आहेत. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. लिखाणाचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधू नये, तो वाचकापाशी घडतो, असे त्यांचे म्हणणे. १९७३ मध्ये मिशेल फूको यांनी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे सत्य आणि न्यायव्यवहार याच विषयावर व्याख्याने दिली आणि चौकशी, तपासणी, कबुलीजबाब या पद्धती सत्ता कशी चालवते यावरून घडत गेल्या, असे दाखवले. १९७९ मध्ये ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी सगळ्यांना लागू पडणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडणे हेच या काळाचे लक्षण होय, असे सांगितले.

हे विचार तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरते राहिले असते, तर त्यांची चर्चा या पानांवर करण्याचे कारण नव्हते. परंतु न्यायालय ही अशी जागा आहे, जिथे कोणाचे तरी म्हणणे खरे मानूनच पुढे जावे लागते. साक्षीदाराला तिथे खरे सांगण्याची शपथ घ्यावी लागते. सत्य नावाची वस्तूच नसेल, तर ती शपथ कशाची? आणि निकालाचा अर्थ बलवानाची सही एवढाच उरत नाही काय? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा आपल्याच भूमीवर घडलेल्या एका वर्षाच्या इतिहासाच्या आधारे करावा, असे आम्हांस वाटते. ते वर्ष १८९७ चे.

प्लेगचे दिवस

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत गाठीचा प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात येऊन ठेपला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. १८९७ चा हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा वापरला गेला, हे वाचकांना आठवत असेल. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी नेमला गेला. मार्च ते मे या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरून रोगी शोधू लागल्या. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, आणि सामानसुमान अनेकदा आगीत, असा क्रम होता. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणे, स्त्रियांची तपासणी, मौल्यवान वस्तू गहाळ होणे, यांविषयी शहरात तक्रारी उठल्या.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सरकारला रोग घाणीत दिसत होता आणि लोकांना सरकारी उपाय हाच रोगापेक्षा भयंकर वाटत होता. दोघांच्याही मतांशी रोगाला काही कर्तव्य नव्हते. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू ओळखला होता. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे पुण्यात शिपाई घरे धुंडाळत होते, तेव्हा खरे कारण त्याच घरांच्या भिंतींत वावरत होते. ते राज्यकर्त्यांना माहीत नव्हते आणि रयतेलाही नव्हते. कोणीही मानले नसताना ते सत्य होते. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यात जे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले, ते या रोगावर गुणकारी आहे. आणि ते घेणाऱ्याचे विचार काय आहेत हे त्या औषधाला विचारावे लागत नाही. सत्य माणसाच्या मतावर अवलंबून नसते, याचा याहून साधा दाखला आम्हांला सुचत नाही.

परंतु जंतूविषयीचे सत्य आणि माणसांनी माणसांशी केलेल्या वागणुकीचे सत्य यांत अंतर आहे. पहिले सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दुसरे कोणीतरी पुढे येऊन सांगावे लागते.

२२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गणेशखिंडीतील राज्यपालांच्या प्रासादात साजरा झाला. आज ती वास्तू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. चापेकरांचा रोख रँडवर होता, तरी दुसऱ्या माणसाचाही जीव गेला, ही गोष्ट आपण कोणतेही नाव दिले तरी बदलत नाही. पुढे सरकारने जाहीर केलेल्या वीस हजार रुपयांच्या इनामापायी द्रविड बंधूंनी खबर दिली, दामोदर पकडला गेला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी गेला. फेब्रुवारी १८९९ मध्ये द्रविड बंधूंचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांना फाशी देण्यात आली. दामोदरने तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यात परकी सत्तेविषयीचा संताप आहे, तसा समाजसुधारकांविषयीचा रोषही आहे. ते वाचणाऱ्याला चौकातला पुतळाही पुरा पडत नाही आणि सरकारी दप्तरही.

गोखल्यांची माफी

या सगळ्या घटनांत आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी घटना बंदुकीची नाही. ती एका माफीपत्राची आहे.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी भारताच्या खर्चाविषयीच्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून त्यांना पत्रे येत होती. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेविषयी मुंबईच्या 'बाँबे गार्डियन' या पत्रात लिहिले होते आणि सरकारने ते आरोप नाकारले होते. गोखल्यांनी जुलै १८९७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ला माहिती दिली. शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने पुढे जीव दिला, असा गंभीर आरोप त्यांत होता. पार्लमेंटात खळबळ उडाली. पुराव्याची मागणी झाली.

महिन्याच्या अखेरीस गोखले मुंबईस परतले. ज्यांनी माहिती कळवली होती, त्यांनी आता पुढे यावे, अशी विनंती त्यांनी केली. कोणीही नाव देऊन साक्ष देण्यास तयार झाले नाही. रँडच्या खुनानंतर शहरात धरपकड चालू होती. भीती समजण्यासारखी होती. शिवाय ज्या घरातील स्त्रीवर असा प्रसंग ओढवला असेल, त्या घराने तो भर न्यायालयात उच्चारावा, ही अपेक्षा त्या काळात कोण करणार? गोखल्यांपाशी पुरावा उरला नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आपला आरोप बिनशर्त मागे घेतला आणि संबंधितांची क्षमा मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनीही त्यांच्यावर झोड उठवली.

इकडे प्लेग समितीच्या अहवालात समाधान व्यक्त झाले होते की, स्त्रियांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार समितीकडे आली नाही. या विधानातील 'विश्वासार्ह' हा शब्द वाचकांनी पुन्हा वाचावा. तक्रार विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्यांचेच वरिष्ठ. फूको यांनी सत्ता आणि सत्य यांच्या संबंधाविषयी जे सांगितले, ते समजण्यासाठी आपल्याला पॅरिसला जावे लागत नाही.

मग त्या दोन स्त्रियांचे काय झाले? गोखल्यांनी शब्द मागे घेतला, म्हणून ती घटना घडलीच नव्हती, असे म्हणता येईल काय? आणि उलट, शहरात बोलले जात होते म्हणून ती घडलीच होती, असे म्हणता येईल काय? दोन्ही उत्तरे प्रामाणिक माणसाला देता येत नाहीत. तरी एक गोष्ट निश्चित आहे : ती घटना एक तर घडली होती किंवा घडली नव्हती. पुरावा नसणे हा आपल्या ज्ञानातला अभाव आहे. ज्या स्त्रीवर प्रसंग आला असेल, तिच्या लेखी तो अभाव नव्हता. आणि ज्या शिपायाने काही केले नसेल, त्याच्यावरचा आळ ही त्याच्यापुरती खरी जखम होती. गोखल्यांनी हे दोन्ही ओळखले म्हणून त्यांची माफी आम्हांला भेकडपणाची वाटत नाही. जे मी सिद्ध करू शकत नाही, ते मी दुसऱ्याच्या माथी मारणार नाही, हा सत्याचा आदरच होता.

शब्दांचा खटला

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दुसरे नाट्य चालू होते. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. अफजलखानाच्या वधाची चर्चा त्यात होती. आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता. आरोप शब्दांचा होता.

दंडसंहितेच्या १२४-अ या कलमात गुन्ह्याचा आत्मा म्हणून एक शब्द होता, ज्याचे मराठी 'अप्रीती' असे केले जाते. अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, तर कोणती वसाहत निर्दोष राहील? खटला मराठी मजकुरावर होता आणि ज्यूरीच्या नऊ जणांपुढे इंग्रजी भाषांतर होते. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटले, तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमाची भाषा बदलून ती अधिक रुंद करून घेतली.

१९०८ मध्ये असाच प्रसंग पुन्हा आला. या खेपेस न्यायमूर्ती होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून अर्ज केला होता. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण एकवीस तास दहा मिनिटे चालले. त्यातील आणि उलटतपासणीतील मोठा वेळ मराठी शब्दांचे सरकारी भाषांतर कसे चुकले आहे, हे दाखवण्यात गेला. मराठीत जो शब्द सौम्य आहे, तो इंग्रजीत उग्र कसा होतो, हे मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीला पटवायचे होते. निकाल सातास दोन असा लागला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले.

अर्थ वाचकापाशी घडतो, हे बार्थ यांचे म्हणणे येथे किती भीषण रीतीने खरे ठरले! लेखकाने मराठीत काय म्हटले, हे मुंबईच्या त्या दालनात गौण ठरले. वाचणाऱ्याने काय घेतले, तेच निर्णायक झाले. सहा विरुद्ध तीन, सात विरुद्ध दोन हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की, ज्याचे त्याचे सत्य हेच खरे.

आणि तरीही इतिहास तेथे थांबत नाही. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. प्रकरण त्याच उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी एखाददुसरे वाक्य सुटे न काढता भाषणे समग्र वाचली आणि जामिनाचा हुकूम रद्द केला. माणूस तोच, भाषा तीच, सत्ताही तीच. वाचण्याची रीत मात्र अधिक न्याय्य झाली. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच न्यायालयात टिळकांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्यात आली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर आपण निर्दोष आहोत असे टिळकांनी जे बोलून दाखवले होते, ते शब्द त्या पाटीवर आहेत.

या पाटीचा अर्थ काय? सत्य केवळ सत्तेच्या इच्छेने घडत असते, तर १९०८ चा निकाल त्या काळापुरता खरा आणि १९५६ ची पाटी तिच्या काळापुरती खरी, एवढेच म्हणता आले असते. एक सत्ता गेली, दुसरी आली, शब्द बदलले. पण छागला यांना केवळ नव्या राज्याचा शब्द लिहायचा नव्हता. येथे अन्याय झाला होता, असे त्यांना म्हणायचे होते. अन्याय झाला होता, असे म्हणण्यासाठी निकालाच्या वर, निकाल ज्याच्याशी ताडून पाहता येईल असे काहीतरी मानावे लागते. चूक दुरुस्त करता येते ती बरोबर काय हे अस्तित्वात असेल तरच.

कायदा स्वतः काय म्हणतो?

आपल्याकडे अशी समजूत आहे की, न्यायालय सत्य जाहीर करते. कायदा स्वतःविषयी इतका मोठा दावा करीत नाही. १८७२ चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. गंमत अशी की, राजद्रोहाचे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत घालणारेही तेच. या पुरावा कायद्याच्या तिसऱ्या कलमात तीन शब्दांच्या व्याख्या होत्या : शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले. एखादी गोष्ट आहे असे न्यायालयास वाटले, किंवा ती इतकी संभवनीय वाटली की सुज्ञ माणसाने ती आहे असे धरून वागावे, तर ती शाबीत. ती नाही असे तितक्याच बळाने वाटले, तर नाशाबीत. आणि दोन्ही नाही, तर शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. ही तीन पदरी व्यवस्था त्यातही कायम आहे.

या तिसऱ्या शब्दात मोठे शहाणपण आहे, असे आम्हांस वाटते. कायदा म्हणतो : मला कळले नाही, याचा अर्थ ते नव्हते असा नाही. गोखल्यांचा आरोप शाबीत झाला नाही. तो नाशाबीतही झाला नाही. या दोहोंतील फरक विसरला की दोन चुका होतात. अहंकारी माणूस म्हणतो, सिद्ध झाले नाही म्हणजे खोटे. थकलेला माणूस म्हणतो, सिद्ध होत नाही म्हणजे सत्यच नाही.

आमच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना याचा अनुभव निराळ्या रूपात येतो. एखाद्या कामगारावर चोरीचा आरोप येतो. फौजदारी न्यायालय त्याला संशयाचा फायदा देऊन सोडते, पण कारखान्याच्या खात्यांतर्गत चौकशीत तो दोषी ठरतो आणि नोकरी जाते. मग घरात प्रश्न उठतो, खरे कोणते? येथे सत्ये दोन नाहीत; मोजण्याच्या पट्ट्या दोन आहेत. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. खात्यांतर्गत चौकशीत संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, एवढे पुरते. ज्यांनी कारखान्यात मायक्रोमीटर हाताळला आहे, त्यांना हे लवकर समजेल. एकच दांडा तीन तपासनिसांनी मोजला आणि तीन आकडे आले, तर कोणी असे म्हणत नाही की दांड्याला जाडीच नाही. मायक्रोमीटर तपासून घेतात, हात तपासून घेतात, पुन्हा मोजतात. मोजमापातली चूक दांड्यावर ढकलत नाहीत.

विचारवंतांकडून काय घ्यावे

उत्तरआधुनिक विचारवंतांना सत्याचे शत्रू म्हणून झिडकारणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यांच्यातील दोघांनी या विषयावर जे लिहिले, ते त्यांच्या नावाने चालणाऱ्या सोप्या वाक्यांहून पुष्कळ खोल आहे. ल्योतार यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात अशा माणसाचा विचार केला, ज्याच्यावर अन्याय झाला आहे आणि तो सिद्ध करण्याचे साधनही ज्याच्यापासून हिरावले गेले आहे. हिटलरच्या छळछावण्यांतील विषारी वायूच्या कोठड्या कोणी आतून पाहिल्या, असा कुत्सित प्रश्न करून तो संहारच नाकारणाऱ्यांची पार्श्वभूमी या विचाराला होती. कोठडीत गेलेला परत आला नाही, म्हणून साक्षीदार नाही. साक्षीदार नाही, म्हणून घटना नाही! या तर्काने ल्योतार हादरले होते. १८९७ च्या पुण्यातील त्या अनाम स्त्रियांविषयीचा आरोप खरा असेल, तर त्यांची स्थिती याहून निराळी नव्हती.

झाक देरिदा यांनी १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयातील परिषदेत कायदा आणि न्याय यांत फरक केला. कायदा माणसांनी रचलेला असतो, म्हणून तो उसवता येतो, पुन्हा तपासता येतो. न्याय मात्र उसवता येत नाही, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक रचना उसवून पाहणाऱ्या विचारवंताने शेवटी न्यायापुढे थांबावे, ही गोष्ट लक्षणीय नाही काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या 'फिदेस एत रात्सिओ' या परिपत्रकात या विचारप्रवाहांकडे लक्ष देणे योग्य आहे असे म्हटले, आणि त्याचबरोबर त्यांतून निघणाऱ्या निरर्थकतावादाविषयी सावधही केले. आमची भूमिका याच मार्गाची आहे. सत्तेचा हात सत्याच्या मोजमापात कसा शिरतो, हे या विचारवंतांकडून शिकावे. पण मोजण्यासारखे काही नाहीच, हा निष्कर्ष स्वीकारू नये. कारण तो निष्कर्ष सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो बलवानाला. दुबळ्यापाशी सत्याखेरीज दुसरे शस्त्र असतेच कुठे?

साक्षीदाराची जागा

पवित्र शास्त्रातील दोन न्यायसभा या संदर्भात आमच्या डोळ्यांपुढे येतात. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्या घरांत सांगितली जाते. दोन प्रतिष्ठित वडीलधारे एका स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. लोकसभा त्यांच्या पदाकडे पाहून तिला मरणदंड फर्मावते. तेव्हा तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे बोलावून एवढेच विचारतो की, ते कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन झाडे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. सत्ता, वय, बहुमत सर्व एका बाजूला होते. पण बागेतील झाड कोणाच्या पदाचा मान राखीत नाही. उलटतपासणीचे सगळे शास्त्र या कथेत आहे.

दुसरी न्यायसभा पिलाताची. आपल्यापुढे उभा असलेला मनुष्य निर्दोष आहे, हे त्याला कळले होते. सत्य म्हणजे काय, असे त्याने विचारलेही. परंतु उत्तरासाठी तो थांबला नाही. आम्हांला वाटते की, त्याचा दोष प्रश्न विचारण्यात नव्हता, निघून जाण्यात होता. सत्याविषयी शंका घेणे हे पाप नाही. शंकेच्या आडोशाने हात धुऊन मोकळे होणे हे मात्र आहे.

आता आरंभीच्या मुलाकडे वळू. त्याला आम्ही असे सांगू : बाळ, २२ जूनला काय घडले हा एक प्रश्न आहे, आणि त्याला काय नाव द्यावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एकच आहे. गोळ्या झाडल्या गेल्या, दोन माणसे मेली, त्याआधी एक शहर भरडले गेले होते. दुसऱ्या प्रश्नावर माणसे भांडतील आणि भांडावीतही; पण ते भांडण पहिल्या उत्तरातील काहीही न लपवता व्हावे. रँडच्या शिपायांचे वर्तन लपवून चापेकरांना केवळ खुनी म्हणू नये, आणि आयर्स्टचे मरण वगळून चौकातून पुढे जाऊ नये.

आणि घरातील मोठ्यांना आम्हांला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. भोसरीत किंवा चाकणला यंत्रावर अपघात होतो, बोटे जातात, कधी जीव जातो. त्या वेळी पाळीवर दहाजण हजर असतात. यंत्राचे संरक्षक कवच लावलेले होते की काढलेले, हे त्या दहाजणांना ठाऊक असते. चौकशी लागते तेव्हा कोणी काहीच पाहिलेले नसते. भीती खरी आहे. नोकरी कंत्राटी आहे, घरी मुले आहेत. १८९७ मध्ये गोखल्यांना पत्रे लिहिणाऱ्यांची भीतीही खरी होती. पण त्या मौनाने काय झाले ते आपण पाहिले : आरोप करणारा प्रामाणिक माणूस अपमानित झाला, अहवाल लिहिणारे निश्चिंत झाले, आणि ज्यांच्यासाठी हे सारे होते त्या स्त्रियांची नावेसुद्धा उरली नाहीत.

युरोपीय भाषांत हुतात्म्याला जो शब्द आहे, तो मूळ ग्रीकमध्ये केवळ साक्षीदार या अर्थाचा आहे. ख्रिस्तसभेने पहिल्या शतकांत ज्यांचा गौरव केला, ते मारणारे नव्हते. पाहिलेले सांगणारे होते, आणि सांगितलेले मागे न घेणारे होते. आपल्यापैकी कोणाला तेवढी किंमत मोजावी लागणार नाही, अशी आशा आहे. आपल्याला बहुधा चौकशीच्या खोलीत पाच मिनिटे बसून, कवच लावलेले नव्हते, एवढेच सांगावे लागेल. ते सांगितले, तर एका विधवेचा दावा शाबीत होईल. न सांगितले, तर ते सत्य राहीलच, परंतु कागदावर लिहिले जाईल : शाबीत झाले नाही.